मदत हवी आहे: बोलणाऱ्याला अडखळायला लावणारं यंत्र चर्चागटात नको, हे कसं पटवून देऊ?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा वेगळा आहे आणि लिहिणंही लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आमचा एक चर्चागट आहे. गटात एक काका आहेत. वाचन दांडगं, स्मरणशक्ती तल्लख, पण एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. ‘हा शेवटचा मुद्दा’ म्हणतात आणि मागून आणखी मुद्दे येतच राहतात. नव्या लोकांची बोलायची पाळीच येत नाही. ही तक्रार सगळ्यांची आहे, माझीही आहे.

गटातल्या एका तरुणाला इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे. त्याने यावर उपाय म्हणून हातात धरायचं एक यंत्र जुळवलं आहे. ते बोलणाऱ्याकडे रोखून बटण दाबलं की त्याला स्वतःचाच आवाज किंचित उशिरा परत ऐकू येतो आणि बोलणं अडखळतं. मूळ कल्पना जपानमधली. काझुताका कुरिहारा आणि कोजी त्सुकादा या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘स्पीचजॅमर’ या नावाने ती मांडली आणि त्याच वर्षी त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक) मिळालं. एकाच दिशेचा आवाज टिपणारा माईक, एकाच दिशेने आवाज सोडणारा स्पीकर, नेम धरायला लेझर आणि अंतर मोजणारा सेन्सर, अशी त्याची रचना होती. आमच्याकडचं यंत्र साधं आहे, पण तत्त्व तेच. पुढच्या बैठकीत प्रात्यक्षिक आहे. लोकांना आवडलं तर ‘वेळ संपली की यंत्र’ असा नियमच करायचा प्रस्ताव आहे. काकांना यातलं अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोलताना आपण स्वतःलाही ऐकत असतो आणि मेंदू त्यावर लक्ष ठेवून पुढचं बोलणं जुळवतो. तोच आवाज साधारण ०.२ सेकंद उशिरा कानावर पडला की हा ताल बिघडतो. माणूस अक्षरं लांबवतो, तेच शब्द पुन्हा उच्चारतो, आवाज चढवतो, काही जण चक्क थांबतात. फोनवर आपलाच प्रतिध्वनी ऐकू यायला लागला की जे होतं, तेच. बर्नार्ड ली या संशोधकाने १९५० मध्ये यावर लिहिलं आणि पुढच्या वर्षीच्या लेखात त्याला ‘कृत्रिम तोतरेपणा’ असंच नाव दिलं.

आता माझ्याबद्दल. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. मोठ्या माणसांमध्ये शंभरात साधारण एकाला ही अडचण असते. आणि हेच तंत्र मी मदतीसाठी वापरतो. इअरफोन आणि एका ॲपच्या साहाय्याने माझा आवाज मला अगदी थोड्या उशिराने ऐकवला जातो आणि माझं बोलणं बरंच मोकळं होतं. सगळ्यांना याचा उपयोग होतो असं नाही, मला होतो. त्यामुळे तंत्राशी माझं भांडण नाही. पण माझ्या ॲपचं बटण माझ्या हातात असतं, उशीर किती ठेवायचा ते मी ठरवतो आणि नको वाटलं की इअरफोन काढून ठेवतो.

खरा आक्षेप पुढे आहे. सभेत कोणी माझा माईक बंद केला तर सगळ्यांना कळतं की माईक बंद केला. अध्यक्ष ‘पुरे’ म्हणाले तर मी ‘का?’ म्हणून विचारू शकतो. या यंत्राचा झोत एका माणसावर जातो. बाकीच्यांना दिसतं ते एवढंच की काका अचानक त-त-प-प करायला लागले. यंत्र हातात धरणारा नामानिराळा राहतो आणि फजिती बोलणाऱ्याच्या नावावर लागते. अडखळणाऱ्या माणसाबद्दल ऐकणाऱ्यांच्या मनात काय येतं हे मला नीट ठाऊक आहे. याची तयारी नाही, हा घाबरलाय, काहीतरी लपवतोय. मुद्दा कितीही बिनतोड असला तरी तोवर लोकांचं त्यावरचं लक्ष उडालेलं असतं. जे मी आयुष्यभर सोसलं, ते दुसऱ्या माणसावर बटण दाबून लादायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

आमचा तरुण मित्र म्हणतो की कुरिहारा-त्सुकादांच्या लेखातच लिहिलंय, शारीरिक त्रास काही होत नाही आणि बोलणं थांबवलं की परिणामही तिथेच संपतो. मान्य. पण त्याच लेखात आणखीही एक निरीक्षण आहे: उत्स्फूर्त बोलण्यापेक्षा वाचून दाखवताना परिणाम जास्त होतो. मग आमच्या गटात फटका कोणाला बसेल? काका कागदाशिवाय बोलतात. जी नवी मुलगी धीर होत नाही म्हणून लिहून आणलेलं वाचते, तिची बोलतीच आधी बंद होईल.

मला तीन बाबतींत मदत हवी आहे. असं यंत्र मुळात अडखळणाऱ्या माणसावर रोखलं तर काय होतं, हे कोणी जाणकार सांगेल का? काकांसारख्या माणसाला थांबवण्याचे दुसरे कोणते उपाय तुमच्याकडे चालले? आणि हे सगळं बैठकीत मांडायचं कसं? भावना दाटल्या की माझं अडखळणं वाढतं, आणि तो मित्र मनाने चांगला आहे, त्याला चारचौघांत खजील करायचं नाही.

प्रतिसाद १

मी स्पीच थेरपिस्ट आहे. पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आधीपासून सांगता येत नाही. अडखळणाऱ्या काही जणांचं बोलणं उशिरा आलेल्या आवाजाने सुधारतं, काहींना काहीच फरक पडत नाही, काहींचं बिघडतं. उशीर किती, आवाज किती मोठा, माणूस मुद्दाम सावकाश बोलतोय का, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून तर आम्ही समोर बसवून, थोडंथोडं बदलत पाहतो. लांबून कोणावर तरी रोखण्यात यातलं काहीच नाही.

तुमच्या मित्राला आणखी एक सांगा. ऐकू येत नसल्याचं सोंग कोणी करतंय का, हे तपासायलाही हे तंत्र वापरलं गेलं आहे. खरंच ऐकू येत नसेल तर बोलणं बिघडायचं कारण नाही. बिघडलं तर सोंग उघडं पडतं. म्हणजे निर्धार करून बहुतेकांना हा परिणाम लपवता येत नाही. ‘काकांनी लक्ष दिलं नाही की झालं’ असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही.

प्रतिसाद २

थोडं विरुद्ध लिहितो, राग नसावा. काका तासभर बोलतात तेव्हा त्या नव्या मुलीचा आवाज बंदच झालेला असतो आणि तोही कोणाला दिसत नाही. तिच्या बाजूने कोण बोलणार? त्या जपानी संशोधकांनाही हीच अडचण दिसत होती. पाळी न सोडणारे, मोठ्या आवाजाने चर्चा दाबून टाकणारे लोक. सगळ्यांनी आधी संमती दिली आणि नियम सगळ्यांना सारखा असला, तर काय हरकत आहे?

धागाकर्ता

राग कसला, हा मुद्दा मला स्वतःलाही छळतोय. त्या मुलीच्या बाजूने आम्ही कोणीच बोललो नाही, हे खरं आहे. अध्यक्षांनी काकांना तोंडावर ‘थांबा’ म्हणायला हवं होतं, ते अवघड वाटलं म्हणून आता यंत्र पुढे आलं आहे. पण नियम कागदावर सारखा असला तरी परिणाम सारखा होत नाही. थेरपिस्ट ताईंनी लिहिलंय तसं, कोणावर किती होईल ते सांगताच येत नाही. आणि सगळा गट हो म्हणत असताना एकट्याने नाही म्हणायचं म्हणजे आपल्याला काय होतं ते आधी सगळ्यांसमोर उघड करायचं. अशा संमतीला मी मोकळी संमती मानत नाही.

प्रतिसाद ३

बऱ्याच सभा चालवल्या आहेत, त्यावरून सांगते. सगळ्यांना दिसेल असं घड्याळ टेबलावर ठेवा. बोलायचं त्यांनी नाव द्यायचं, आणि जे अजून बोलले नाहीत त्यांना आधी पाळी. एकदा बोललेल्याला दुसरी फेरी सुरू झाल्यावरच संधी. वेळ संपली की अध्यक्षांनी नाव घेऊन थांबवायचं. पहिल्या काही वेळा वाईट वाटतं, मग अंगवळणी पडतं. काकांना एखाद्या विषयाची प्रस्तावना करायला सांगा, ठरलेल्या वेळेत. वाचन मोठं असलेल्या माणसाला बोलायची हक्काची जागा मिळाली की तो बाकीच्यांच्या वेळेत कमी घुसतो, हा माझा अनुभव आहे.

प्रात्यक्षिक रद्द करायला लावू नका. त्या मुलाने खपून बनवलंय. फक्त ते हेडफोनवर करा. ज्याला हवं त्याने स्वतः घालावेत, परिच्छेद वाचून पाहावा, हवे तेव्हा काढावेत. सगळे थक्क होतील आणि कोणावर काही रोखावं लागणार नाही.

प्रतिसाद ४

हे खेळण्यापुरतं राहत नाही एवढंच नोंदवतो. अमेरिकी नौदलाच्या एका केंद्राने अशाच हातात धरायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आहे, ते २०२१ मध्ये मंजूर झालं. बोलणाऱ्याला लांबून अडखळवता येणं ही ताकद कोणाकोणाला हवी असेल, याचाही विचार गटाने करावा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. हेडफोनची कल्पना उत्तम आहे. मित्राला आजच फोन करून सांगतो. मी माझं ॲपही घेऊन जाईन, म्हणजे उशीर कमीजास्त केला की काय होतं ते दोन्ही बाजूंनी दिसेल. घड्याळ आणि पाळीची यादी हा प्रस्ताव लेखी देतो. तो वाचायची वेळ आली तर इअरफोन लावून मीच वाचेन.

एक प्रश्न उरतो. हे यंत्र कोणासाठी बनलंय, ते काकांना बैठकीआधी सांगावं का? गटातले बाकीचे म्हणतात, उगाच दुखावतील. मला वाटतं, त्यांच्यामागे ठरलेली गोष्ट त्यांना तिथे आल्यावर कळली तर जास्त दुखावतील. तुम्ही असतात तर काय केलं असतं?