कोयनेचे पाणी डोंगरापलीकडे नेऊन वीज कशी तयार होते?

प्रश्न: कोयना नदी पूर्ववाहिनी, कृष्णेची उपनदी, मग तिच्या पाण्यावरची वीजगृहे सह्याद्रीच्या पश्चिमेला, चिपळूणच्या बाजूला कशी काय? धरणाच्या पायथ्याशीच वीज निर्माण करणे सोपे नव्हते का?

उत्तर १: पायथ्याशी लहान वीजगृह आहेच, पण धरणाची उंची जेमतेम 103 मीटर आहे. याउलट धरणामागचा शिवसागर जलाशय घाटमाथ्यावर आणि कोकण अगदी खाली असल्याने, डोंगर पोखरून काढलेल्या अधिजल भुयारातून, म्हणजे वीजगृहाकडे पाणी नेणाऱ्या बोगद्यातून, पाणी पश्चिमेला नेले, की चिपळूणच्या बाजूच्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहापर्यंत त्याला सुमारे पावणेपाचशे मीटरचा पात (उंचीतला फरक) मिळतो. एवढ्या दाबाचा झोत पेल्टन टर्बाइनच्या, म्हणजे कडेला वाट्या बसवलेल्या चाकाच्या, वाट्यांवर आदळतो. जनित्र अचानक बंद पडल्यास भुयारातल्या वाहत्या पाण्याचा धक्का नळांना बसू नये म्हणून वाटेत उल्लोळ विहीर असते. त्या क्षणी पाणी तिच्यात वर चढते. माझ्या मते साऱ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग हाच.

उत्तर २: पोफळीचे अवजलही, म्हणजे वीज तयार करून बाहेर पडलेले पाणीही, वाया जात नाही. ते कोळकेवाडी धरणात अडवून प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज काढतात आणि मगच ते वाशिष्ठी नदीला मिळते.

प्रश्नकर्ता: मग सगळेच पाणी पश्चिमेला का वळवत नाहीत?

उत्तर १: कारण खाली कृष्णाकाठची शेती आणि पलीकडची राज्ये आहेत. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली. जलाशयाची क्षमता मात्र सुमारे 105 टीएमसी आहे.