मदत हवी आहे: २१ मि.मी. आयरिश गेज, सांध्यात वाघिणी अडताहेत

रूळकरी
मॉडेल रेल्वे बांधतोय, प्रमाण ४ मि.मी.ला १ फूट. आयरिश ब्रॉडगेज (दोन रुळांमधलं अंतर) ५ फूट ३ इंच, म्हणजे नेमका २१ मि.मी. रूळ तांब्याचा पत्रा असलेल्या स्लीपरवर डाख देऊन हाताने बांधलेत. सरळ रुळावर काही तक्रार नाही. सांध्यात (जिथे रुळाला दुसरा फाटा फुटतो) मात्र दोन वाघिणी अडतात. दोन्ही सीआयई या आयरिश वाहतूक कंपनीच्या एच व्हॅन (बंद मालवाघिणी), व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) १० फूट.

पहिलीला मूळ १६.५ मि.मी. गेजची, जाड फ्लँजची (फ्लँज म्हणजे चाकाची आतली उंच कड) चाकं आहेत, आसावर बाहेर सरकवलेली. ती क्रॉसिंगच्या नाकावर (रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या टोकावर) चढते. दुसरीला बारीक फ्लँजची नवी चाकं आहेत. ती चेक रेलपाशी (नाकासमोरच्या रुळाला आतून लावलेला जोडरूळ) अडकते, शिवाय चाकांची बाहेरची बाजू डब्ल्यू-आयर्नला (आस धरणाऱ्या पत्र्याला) घासते.

मापं: गेज २१.०, चेक रेल आणि विंग रेल (नाकाशेजारचा वळवलेला रूळ) दोन्हींची फट १.०. चाकांच्या पाठींमधलं अंतर पहिलीत १९.४, दुसरीत एका आसावर १९.३, दुसऱ्यावर १८.९. आस सगळे टोकदार, २६ मि.मी.चे.

यानंतर जे१५ या आयरिश वाफेच्या इंजिनाचं पितळी किट घ्यायचंय, म्हणून मापं आत्ताच पक्की करायची आहेत.

नाकासमोर
मापं दिलीत हे बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. दोन आकडे कागदावर मांडा.

एक: २१ मधून दोन्ही फटी वजा केल्या की १९.० उरतात. चेक रेल आणि विंग रेलच्या मधल्या या भागाला चाकांच्या पाठी दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन जातात. पाठींमधलं अंतर १९.०पेक्षा कमी असेल तर आस तिथे पाचरीसारखा बसतो. तुमचा १८.९चा आस तेच करतोय.

दोन: २१ मधून फक्त चेक रेलची फट वजा करा, २०.०. पाठींमधलं अंतर अधिक एका फ्लँजची जाडी याच्या आत राहायला हवी, नाहीतर फ्लँज थेट नाकावर आपटते. मूळ जाड चाकं बहुधा आरपी-२५ कोड ११० (मॉडेलच्या चाकांचं एक ठरलेलं माप) असतील. त्यांची फ्लँज ०.७६. १९.४ + ०.७६ = २०.१६. चढणारच.

म्हणून जाड चाकं १९.२वर आणा (१९.९६ होतात, जेमतेम आत). बारीक फ्लँज साधारण ०.५ची असते, ती १९.३वर ठेवा. पितळेच्या दोन पट्ट्या या मापांना घासून कायमच्या हाताशी ठेवा. व्हर्नियरने प्रत्येक वेळी मोजताना हात हलतो. चाक फिरवत तीन ठिकाणी मापा; माप बदललं तर चाक आसावर तिरकं बसलंय, आणि मग अंतर कितीही जुळवलं तरी एका फेऱ्यात एकदा आपटणारच.

फट वाढवून सांधा 'सैल' करू नका. जाड चाकं कदाचित निभतील, पण बारीक चाकं नाकापाशी खड्ड्यात पडतील.

पितळपत्रा
घासण्याबद्दल. बारीक चाकाची रुंदी २.३ धरली तर १९.३ + ४.६ = २३.९. बाजारातल्या डब्ल्यू-आयर्नच्या आतल्या बाजूंमध्ये साधारण तेवढंच अंतर असतं. ती ब्रिटिश गेजसाठी (४ फूट साडेआठ इंच) काढलेली असतात. प्रत्यक्षातला फरक साडेसहा इंचांचा, प्रमाणात २.२ मि.मी.; म्हणजे डब्ल्यू-आयर्न आणि सोलबार (वाघिणीच्या चौकटीचे लांब पट्टे) दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.१ मि.मी. बाहेर हवेत.

एचिंगची (डब्ल्यू-आयर्नच्या कोरीव पत्र्याची) वरची पट्टी मधोमध कापा, २ मि.मी.ची फट ठेवून खालून पितळी तुकडा १४५ अंशांना वितळणाऱ्या डाखाने जोडा. आस २८ मि.मी.चा घ्या. २६चाच ठेवलात तर टोकं बेअरिंगमध्ये नीट बसणार नाहीत. एका टोकाची डब्ल्यू-आयर्न पक्की, दुसरी डुलती ठेवा. वजन दर आसाला २५ ग्रॅम, म्हणजे वाघिणीला ५०.

आपल्याकडची ब्रॉडगेज १६७६ मि.मी., या प्रमाणात जवळजवळ २२. तेव्हा भारतीय मॉडेलवाल्याकडचा जिग (माप धरणारा साचा) उसना आणून चालणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

डाखवाला
जे१५ : आतल्या सिलिंडरचं ०-६-० (सहाच चाकं, सगळी चालवणारी), त्यामुळे २१ला सोपं. ८०० वर्गासारख्या बाहेरच्या सिलिंडरच्या इंजिनात पुढच्या क्रँकपिनला (चाकावरच्या दांड्याच्या खुंटीला) जागा शोधता शोधता जीव जातो.

फ्रेमचा पत्रा ०.४५ असेल तर स्पेसर (दोन फ्रेममधला आडवा तुकडा): १९.३ – ०.९ – दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मि.मी. खेळ = १७.४. वळणं तीव्र असतील तर १७. किटमधले १६.५चे स्पेसर वापरलेत तर आस डावी-उजवीकडे घसरत राहील. चाक ५ फूट पावणेदोन इंच, म्हणजे २०.६ मि.मी. व्यासाचं. स्प्लॅशरची (चाकावरच्या आवरणाची) आतली बाजू आधी चाक लावून तपासा. ती चाकाला टेकली की घासणं राहिलं बाजूला, आधी शॉर्ट होतं.

व्हाइटमेटलचे (लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचे) भाग ७० अंशांच्या डाखाने लावायचे, पण तो डाख पितळाला सरळ धरत नाही. पितळावर आधी १४५चा पातळ थर चढवा.

बॉयलर जोडण्याआधी इंजिनाचा नंबर ठरवा. १८६६ ते १९०३ या काळात १११ इंजिनं झाली, पुढे त्यांत फेरबदलही झाले. जतन केलेल्या दोघींतच पाहा: १८४चा फायरबॉक्स गोल माथ्याचा, १८६चा चौकोनी बेलपेअर. डाख बसल्यावर मत बदललंत तर सगळं उकलावं लागेल.

रूळकरी
१८.९चा आस १९.३ केला, ती वाघीण सांध्यातून पार झाली. जाड चाकांची १९.२वर आणली, तीही नाकावर चढत नाही, फक्त सावकाश नेली तर बारीक टक् असा आवाज येतो. तयार डिझेलची चाकंही अशीच सरकवता येतील का?

नाकासमोर
टक् म्हणजे ०.०४चीच सवलत उरलीय. चालेल, पण बारीक चाकं आली की बदला.

डिझेलचं आधी मोजा. मूळ अंतर १४.५ असेल तर प्रत्येक चाक २.३५ बाहेर जाईल. जाड चाकांसह बाहेरून बाहेर २४.८ होतात, बोगीच्या साइडफ्रेममध्ये आतून २५.३ तरी हवेत. चाकाच्या पाठीला टेकणाऱ्या वीज घेणाऱ्या पट्ट्याही तितक्याच बाहेर वाकवाव्या लागतात. गिअरच्या नायलॉन नळीतले अर्धे आस असतील तर ओढू नका, पकड जाते. अखंड नवा आस घाला.

पितळपत्रा
रंगवताना एक: एच व्हॅन करड्या रंगात करणार असाल तर सोलबार, डब्ल्यू-आयर्न, सगळं त्याच करड्यात. सवयीने अंडरफ्रेम काळी करू नका, ती ब्रिटिश खोड आहे.