तोंडाला रंग न लावलेल्यांनी गप्प बसायचं का?

येळ्ळूरकर (धागा काढणारा):
गेल्या आठवड्यात यात्रेतलं नाटक बघितलं आणि आमच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. दुसरा अंक लांबला. नायिकेचा आवाज पाचव्या रांगेच्या पुढं येत नव्हता. बाप-लेकाच्या भांडणात दोघांची तोंडं काळोखात होती, नुसते पाय दिसत होते. बापाचं काम करणारा मात्र झकास. बस्स. त्यावर तालीम मास्तरांची पोस्ट आली: "ज्याने जन्मात तोंडाला रंग लावला नाही त्याने नाटकावर बोलू नये. आधी एक प्रवेश बसवून दाखवा, मग अक्कल शिकवा." खाली अंगठ्यांची रांग.

मला राग टीकेचा नाही आला, या "आधी करून दाखवा"चा आला. नाटक कुणासाठी बसवलं होतं? रंग लावलेल्यांसाठी? मग विंगेतच बसून बघायचं होतं एकमेकांचं. रात्री दहा ते दीड, पाठीला टेकायला काही नाही अशा खुर्चीवर मी बसलो होतो. बासमतीत खडा आला तर तो दाताला कळतो, त्यासाठी भात लावायला चिखलात उतरावं लागत नाही. (आम्ही उतरतो, तो भाग वेगळा.)

आणि इतिहासच काढायचा तर श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९३ साली "विक्रमशशिकला" नाटकावर परीक्षण लिहिलं तेव्हा त्यांच्या नावावर एकही नाटक नव्हतं. "वीरतनय" आलं ते १८९६ ला. त्यांनाही कुणी म्हणालं असतं, रंग लावून या, तर?

तिसरी घंटा:
तर बरं झालं असतं. कोल्हटकरांची नाटकं आज कुठली संस्था करते सांगा. देवलांची "शारदा" १८९९ ची, अजून लोक पदं गुणगुणतात. आणि देवल घडले कुठं? इथं बेळगावात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली, तालमी करत. अण्णासाहेब तर आपल्या गुर्लहोसूरचे. ज्यांनी पाट्या उचलल्या, पडदे ओढले, त्यांचं टिकलं. ज्यांनी लेख लिहिले त्यांचं वाचनालयात आहे, कपाटात.

येळ्ळूरकर:
मुद्दा परीक्षण बरोबर होतं का हा होता. नंतरची नाटकं किती टिकली हा नव्हता. पण असो, तुम्हाला कपाट आवडलंय.

तिसरी घंटा:
मुद्दा तोच आहे. ज्याला करता येतं त्याला दोष का झाला ते कळतं. तुला फक्त झाला एवढं कळतं. केशवराव भोळे "एकलव्य" नावानं गवयांवर लिहायचे, ते वाचा एकदा. माणूस स्वतः गाणारा, १९३६ च्या "संत तुकाराम" चित्रपटाचं संगीत त्यांचं. म्हणून त्या लिखाणात गवयाचा श्वास कुठं तुटला तेही सापडतं. आणि आपल्याकडं? "आवाज आला नाही." अरे, का आला नाही?

कडोलीकर:
तज्ज्ञ तज्ज्ञ करू नका माझ्यासमोर. जळतं. एका एकांकिका स्पर्धेला आम्ही गेलो होतो, जागेचं नाव घेत नाही. परीक्षक तिघंही जाणकार, पुण्याकडचे. आमच्या नाटकात म्हातारा म्हणतो, "काय करूलाल्यास रे पोरा?" शेरा काय मिळाला? "उच्चारांवर मेहनत हवी, भाषा प्रमाण हवी." अहो, म्हातारा उचगावचा आहे! तो काय सदाशिव पेठेत बोलल्यासारखा बोलणार? त्यांना प्रकाशयोजना कळत होती, ब्लॉकिंग कळत होतं, सगळं कळत होतं. म्हातारा कळला नाही. त्याच्यापेक्षा माझी मावशी बरी, ती मध्येच उठून म्हणाली, "हा अगदी आमच्या आबासारखा खाकरतोय." इकडं कन्नड पाट्यांत आमची मराठी दिसत नाही आणि तिकडं गेलं की आमची मराठी मराठीच नाही. दोन्हीकडं पाहुणे. वर्षानुवर्षं आम्ही गावागावांत साहित्य संमेलनं भरवतो, कडोली काय, उचगाव काय, येळ्ळूर काय, लोक वर्गणी काढून मांडव घालतात, आणि...

तिसरी घंटा:
कडोलीकर, सीमाप्रश्नाचा धागा शेजारी आहे.

कडोलीकर:
माझ्यासाठी सगळे धागे शेजारीच आहेत. आणि आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांकडं बघून नाकं कुणी मुरडली? घराण्यात बसत नाही म्हणणारे गाण्यातलेच होते. रस्त्यावरचा माणूस नव्हता.

शहापूरची लेक:
माझ्या वडिलांचं सांगू? आमच्या घरी माग. वडील तीस वर्षं त्यावर बसलेले. एकदा एक बाई साडी घ्यायला आल्या, घडी उलगडली, डोळे मिटून नुसता तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "इथं झोल आहे." बाबा चिडले. "ताई, माग कधी बघितलाय का?" त्या म्हणाल्या, "नाही. नेसते मी." साडी उन्हात धरली तर खरंच, काठाजवळ ताण्याच्या दोन तारा ढिल्या. बाबांनी दोनशे रुपये कमी केले आणि रात्रभर बडबड केली. सकाळी बघितलं तर मागाचं वजन सरकलेलं. म्हणजे बाईंचं बरोबर.

पण थांबा. त्याच बाई जाताना म्हणाल्या होत्या, "माग जुना झालाय, बदला." तो माग अजून चालतोय. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातली.

निपाणीकर:
वहिनी, हे खरं. तळवा चालतो, पण सल्ला नको.

तिसरी घंटा:
मग तेच मी म्हणतोय की दहा वेळा! कुंदा चांगला की वाईट ते खाणाऱ्याला कळेल. म्हणून त्याला कढईवर बसवायचा का?

निपाणीकर:
कुंद्याचं नाव काढू नको लेका. कुंदा राहिलाय कुठं? सगळा साखर जाळून रंगवलेला. पूर्वी खवा आटून आटून तांबूस व्हायचा. आता दोन तासांत तयार, वर रंग.

भट्टीवाला:
कोण म्हणालं रंग? काय बी बोलूलालाय की ओ. माझा बाप आणि मी मिळून पन्नास वर्षं कढईवर. म्हशीचं दूध, लोखंडी कढई, त्यात दही पडलं की दूध फुटतं आणि दाणा धरतो. मग उलथनं थांबायचं नाही. एक मिनिट कुणाशी बोललात की तळ धरला. माझा उजवा खांदा बघा, डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. रंग आटण्यातूनच येतो. काहीजण थोडी साखर जाळून घालतात, त्यात पाप नाही, आमची आई घरी तशीच करायची. रंगाची पुडी टाकणारे वेगळे. त्यांच्याशी आमची तुलना नको.

निपाणीकर:
मी पुडी म्हणालो नाही, साखर म्हणालो. आणि आता तुम्हीच सांगितलं घालतात म्हणून.

भट्टीवाला:
घालतात म्हणजे मी घालतो असं नव्हं. तुम्ही निपाणीचे, तंबाखूचं बोला.

शहापूरची लेक:
काका, एक लिटरला दही किती? मी केला तर रबडी होते.

भट्टीवाला:
अर्धी वाटी, आंबट. गोडं दही घातलं तर दाणा पडत नाही. आणि गॅस बारीक करून मोबाईल बघत उभं राहायचं नाही.

शहापूरची लेक:
तुम्हाला कसं कळलं?

कडोलीकर:
मी परवा खाल्लेल्या कुंद्यात वेलदोडा इतका की सर्दी गेली. पण ते सोडा, पेढ्यांचंही तसंच झालंय, बघा...

येळ्ळूरकर:
अहो, नाटकाचं चाललं होतं!

निपाणीकर:
नाटकाचं दीड वाजता संपलं की. कुंदा चालू दे.

पडद्यामागचा:
मीच तो तालीम मास्तर. बघत होतो किती चालतंय. येळ्ळूरकर, चार ओळी लिहिल्या म्हणतोस. पाच लिहिल्या होत्यास. पाचवी का गाळलीस? सांगू? "लाइटवाल्याला बदला, पुढच्या वर्षी चांगला माणूस आणा."

येळ्ळूरकर:
ती सहज लिहिली होती.

पडद्यामागचा:
सहज! तो लाइटवाला म्हणजे आमच्या गल्लीतला पोरगा, बारावीतला, फुकट करतो. चार हॅलोजन आणि एक पेटी. यात्रेतला मोठा पाळणा त्याच लाइनवर जोडला होता. पाळणा भरला की व्होल्टेज पडायचं, दिवे लाल व्हायचे. तो भांडणाचा प्रवेश अकरा वाजताचा. अकरा म्हणजे पाळण्याला सगळ्यात गर्दी. पोरगा दोनदा पाळणेवाल्याकडं पळत गेला, तिकडून शिव्या खाऊन आला. तुझी पाचवी ओळ त्याच्या आईनं वाचली. मी भडकलो ते त्यावर. पहिल्या चार ओळींवर नाही.

आणि नायिका बाहेरून आलेली. आपल्याकडं बाई मिळत नाही कामाला, हे तुला माहीत आहे, तुझ्याच घरच्यांनी तुझ्या बहिणीला नको म्हटलं होतं. ती बाई तिसऱ्या रात्री तिसऱ्या गावात नाटक करत होती. संध्याकाळी पाचला आली, एक तालीम, चहा, मेकअप. घसा बसलेला. दुसरा अंक लांबला कारण प्रॉम्प्टरनं एक पान दोनदा वाचलं. हे कळतं का पाचव्या रांगेत?

येळ्ळूरकर:
नाही कळत. बहिणीचं मध्ये आणायचं कारण नव्हतं.

पडद्यामागचा:
नव्हतं. ते मागं घेतो.

तिसरी घंटा:
बघा! हेच मी पहिल्यापासून सांगतोय. आतलं माहीत नसेल तर बोलू नये.

येळ्ळूरकर:
थांबा. पाळणा होता, घसा बसला होता, सगळं मान्य. पण तोंड दिसलं का? नाही दिसलं. आवाज आला का? नाही आला. माझी आई शेजारी बसून सारखी विचारत होती, "काय म्हणाली? काय म्हणाली?" तिला मी पाळणा समजावून सांगायचा होता का?

तिसरी घंटा:
समजून घ्यायला काय जातं?

येळ्ळूरकर:
तुमचं जात नाही, तुम्ही पहिल्या रांगेत असता. मानाची खुर्ची.

तिसरी घंटा:
वैयक्तिक होऊ नका. ती खुर्ची मला २००० रुपये वर्गणीवर मिळाली.

निपाणीकर:
पहिल्या रांगेत आवाज आला का मग?

तिसरी घंटा:
... थोडा कमी आला.

पडद्यामागचा:
असू दे ते. कुंद्यावरून आठवलं म्हणून सांगतो, कारण वरचं सगळं वाचलंय. निपाणीकरांचं खोटं नाही. हल्ली कुंद्याला जळका वास येतो. तळ लागलेला कुंदा तसाच विकतात. कढईवर लक्ष नसतं लोकांचं.

भट्टीवाला:
मास्तर, तुम्ही जन्मात कधी कढईवर बसलाय?

कडोलीकर:
हाहाहा.

शहापूरची लेक:
मास्तर, आधी एक कढई आटवून दाखवा, मग अक्कल शिकवा.

निपाणीकर:
पडदा पाडा आता.

पडद्यामागचा:
हसा, हसा. माझंच वाक्य माझ्याच अंगावर. बरं. वास येतो हे मी मागं घेणार नाही, कारण तो येतो, नाक माझं आहे. म्हणजे काळोखाचं याला मागं घ्यायला सांगता येत नाही, एवढं दिसतंय मला. पण पाचव्या ओळीचं काय?

येळ्ळूरकर:
पाचवी काढली. ग्रुपवरची पण काढली. पोराच्या आईला उद्या भेटतो. बाकीच्या चार तशाच ठेवतोय.

पडद्यामागचा:
ठेव. पुढच्या वर्षी पाळण्याची लाइन वेगळी घ्यायला पंच कमिटीला तूच सांग. मी सांगून थकलो. तू पाचव्या रांगेतला, तुझं ऐकतील.

तिसरी घंटा:
हे काही बरोबर नाही. मास्तर, तुम्ही एका कुंद्यावरून पलटलात.

पडद्यामागचा:
पलटलो नाही. तुम्ही या की तालमीला, पडदा ओढायला माणूस हवाय. खुर्चीवरून उतरा.

कडोलीकर:
माझ्या म्हाताऱ्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही.

शहापूरची लेक:
कडोलीकर, पुढच्या वेळी मला बोलवा. मी मावशीच्या शेजारी बसते.

भट्टीवाला:
ते सगळं नंतर. मास्तर, जळका वास कुठल्या दुकानात आला ते सांगा आधी. तसं मोघम बोलून आमच्या सगळ्यांचं नाव घालवू नका.

पडद्यामागचा:
सांगू का इथं?

भट्टीवाला:
सांगा. भितो काय मी?

पडद्यामागचा:
तुमच्याच. अर्धा किलो घेतला होता, घरी कुणी खाल्ला नाही.

भट्टीवाला:
कधी?

पडद्यामागचा:
दिवाळीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी.

भट्टीवाला:
त्या दिवशी कढईवर भाचा होता. दुकानात गर्दी, मी गल्ल्यावर. पोरगं नवीन आहे ओ, त्याला काय बोलू नका.