भडकल गेटला जाळी? अजिबात नको

खामकाठ:
"भडकल गेटला लोखंडी जाळी ठोका, समोरच्या चौकातली गर्दी हटवा, तरच दरवाजा टिकेल" ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये छत्रपती संभाजीनगरातला (औरंगाबाद) हा दरवाजा उभारला. शहराभोवतीचा औरंगजेबाचा तट १६८२ चा. तटाच्याही आधीचा दरवाजा माणसांच्या वर्दळीने पडेल? १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर चौक फुलून जातो. लोक आहेत म्हणून दरवाज्याकडे लक्ष आहे. जाळीआड कचरा साठतो, पिंपळ फुटतो आणि किल्ली शोधत बसावं लागतं.

बावन्नवेशी:
ती पोस्ट माझीच. माणसांचं सोडा, गाड्यांचं बोला. अवजड वाहनाच्या हादऱ्याने सांध्यातला चुना भुगा होऊन गळतो. कोपऱ्याचा दगड एकदा घासून फुटला की तसा पुन्हा बसत नाही.

चुनाभट्टी:
दोघंही मूळ दुखणं विसरताय. दरवाजे मरतात ते डागडुजीतल्या सिमेंटने. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतं. कोंडलेल्या पाण्यातले क्षार दगडाच्या तोंडाशी येऊन पांढरे फुटतात आणि गिलावा पडताना दगडाचा पापुद्रा घेऊन पडतो.

बावन्नवेशी:
विषय चौकाचा चाललाय! आणि चुना पावसाळ्याआधी वाळतो कुठे? थोडं सिमेंट घातलं तर बिघडलं काय?

चुनाभट्टी:
त्या "थोड्या" सिमेंटनेच घात होतो. कळीचा चुना निदान पंधरा दिवस भिजत ठेवायचा, मग एकास तीन वाळू घेऊन चुना दळायच्या दगडी घाणीत मळायचा. पाणी गुळाचं, त्यात बेलफळाचा गर. थर १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड नको, नाहीतर भेगा पडतात. वर आठवडाभर ओलं गोणपाट. आणि पिंपळ उपटायचा नाही! मुळाबरोबर सांधा उचकटतो. बुंधा कापायचा, मूळ मारायचं, वाळल्यावर पोकळी चुन्याने भरायची. ठेकेदाराला दिवाळीपूर्वी बिल काढायचं असतं म्हणून हे होत नाही, चुना वाळत नाही म्हणून नव्हे.

खामकाठ:
बरं, अवजड गाड्यांचं मान्य, नाइलाजाने. पण त्याला जाळी कशाला? दगडी खुंट रोवा, दोन खुंटांत सव्वा मीटर जागा. माणूस, हातगाडी, चाकाची खुर्ची जाते. ट्रक अडतो.

बावन्नवेशी:
खुंट चालतील. पण पायथ्यापासून दोन हात लांब, आणि खड्डे खणताना पायाला धक्का नको. फलकांचे दोर मात्र कमानीला बांधू द्यायचे नाहीत, त्यावर मी हटणार नाही.