मदत हवी आहे: स्कॅनच्या इंजेक्शननंतर आईची शीर टणक झालीय

जुळेसोलापूरकर
आईच्या स्कॅनला डाय (फोटो स्पष्ट यायला शिरेतून देतात ते औषध) दिला होता. तेव्हापासून हात ठणकायलाय. आता कोपराच्या खाली शीर दोरीसारखी टणक लागते, वर लाल रेघ आहे, हात लावू देत नाही. सेंटरला फोन केला तर "जाईल आपोआप" म्हणून ठेवून दिला. घरी काय करायचं ते सांगा. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, तेवढं मलाही कळतं.

सीटीवाला
कसला स्कॅन? कधी? इंजेक्शन चालू असताना तिथेच फुगलं होतं का? साखर, किडनी? ताप? बोटं सुन्न?

कडक_भाकरी
आंबेहळद आणि तुरटी उगाळून कोमट लेप लावा. आमच्या आत्याला सलाइननंतर असंच झालं होतं, रात्रीत उतरलं.

जुळेसोलापूरकर
@सीटीवाला कसला स्कॅन यानं काय फरक पडतो? पोटाचा सीटी. गेल्या गुरुवारी. फुगलं नव्हतं, अंग गरम झालं म्हणाली. साखर आहे, गोळ्या चालू आहेत. ताप नाही. बोटं ठीक.

सीटीवाला
फरक पडतो म्हणूनच विचारलं. एमआरआयला गॅडोलिनियम देतात, ते साधारण दहा-पंधरा मिली. पोटाच्या सीटीला आयोडीनचा डाय, ऐंशी-शंभर मिली, आणि तो मशीनने दाबून जातो, सेकंदाला दोन-तीन मिली. अंग गरम होणं, तोंडात लोखंडासारखी चव, लघवी झाल्यासारखं वाटणं, हे बहुतेकांना होतं आणि दोन-चार मिनिटांत जातं.

हाताचे दोन प्रकार. डाय शिरेबाहेर गेला तर लगेच फुगतं. तेव्हा हात उशीवर उंच ठेवतात. तसं नव्हतं, म्हणजे हा बहुधा शिरेचा दाह. सुईनं आणि डायनं शिरेचं आतलं अस्तर चिडतं, कधी आत बारीक गुठळीही धरते. कातडीलगतच्या शिरेत असेल तर सहसा घाबरायचं नसतं, पण टणकपणा जायला आठवडे लागतात. कोमट शेक द्या, हेपॅरिनचं, म्हणजे गुठळी रोखणारं मलम (थ्रोम्बोफोब नावानं मिळतं) हलक्या हातानं लावा. चोळू नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल.

निवृत्त_मास्तर
शेक नको, बर्फ! सुजेवर गरम कधी लावतात का?

सीटीवाला
मास्तर, डाय बाहेर गेला असता तर बर्फ चालला असता. इथे आठवडा होत आला. आणि @जुळेसोलापूरकर, साखरेच्या माणसाला कधीकधी चटका कळत नाही. पिशवी नको, फडकं कोमट पाण्यात पिळून, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा.

शेंगाचटणी
आई मासे खाते का? आयोडीनची अॅलर्जी असणार. आम्ही उजनीची चिलापी बंदच केली.

सीटीवाला
माशांची अॅलर्जी माशातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नाही. आणि चिलापी गोड्या पाण्यातली आहे हो.

पाण्याची_वाट
भरपूर पाणी पाजा, डाय लघवीवाटे निघून जातो.

कडक_भाकरी
सोलापुरात भरपूर पाणी? नळाला चार-पाच दिवसाआड येतं, ते आधी कॉर्पोरेशनला सांगा बे.

निवृत्त_मास्तर
आमच्या पेठेत तर रात्री दोनला सोडतात.

आक्का_७०फूट
पाण्याचा धागा वेगळा काढा की. लेकरा, मी वॉर्डात नर्स होते. साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का? किडनी ठीक असेल तर चालू राहतं, पण क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी) वाढलेलं असेल तर डॉक्टर सहसा दोन दिवस थांबवून पुन्हा तपासतात. फाईलमध्ये क्रिएटिनिन बघ. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, ब्रुफेन मनानं देऊ नको, डाय दिल्यावर आणि साखर असताना किडनीवर ताण येतो. अंगावर काही उठलंय का?

जुळेसोलापूरकर
क्रिएटिनिन ०.९ आहे. मेटफॉर्मिन चालूच आहे. पाठीवर आणि पोटावर लाल पुरळ आहे, खाजवते. ते उन्हाचं असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

आक्का_७०फूट
अरे मग हेच आधी सांगायचं! डायची उशिराची रिअॅक्शन तासाभरानंतर कधीही, आठवडाभरापर्यंत उठते. बहुतेक वेळा खाजेची गोळी घेऊन निवळते. पण तोंड-डोळे सुजले, तोंडात फोड आले, कातडी सुटायला लागली किंवा दम लागला तर रात्र असली तरी सरळ सिव्हिलला. हाताचंही तेच: अख्खा हात सुजला, ताप आला, पू दिसला तर थांबायचं नाही.

कडक_भाकरी
पुरळावर कडुलिंबाचा पाला. लेपाचं काय केलंत?

सीटीवाला
फुटलेल्या पुरळावर काहीही लावू नका. सेंटरला पुन्हा फोन करा आणि डायचं नाव विचारा: आयोहेक्सॉल, आयोप्रोमाइड, जे असेल ते. फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा. पुढच्या सीटीला दुसरा डाय वापरायचा की आधी औषध द्यायचं, ते त्या नावावरून ठरतं. "जाईल आपोआप" शिरेच्या बाबतीत बरोबरच आहे, पण पुरळाची नोंद व्हायलाच हवी.

जुळेसोलापूरकर
फॅमिली डॉक्टरांना दाखवलं. शिरेचा दाहच म्हणाले, मलम आणि शेक. पुरळाला सेट्रिझीन दिलीय रात्रीची. डायचं नाव सेंटरवाले उद्या सांगतो म्हणाले, मी स्वतःच जाऊन बसणार आहे. लेप लावलेला नाही.

शेंगाचटणी
म्हणजे चिलापी खाल्ली तरी चालेल ना?