जुनी गाडी सकाळी आणि घाटात मिसिंग मारते, कार्बोरेटर खोलू का?

रावेरचा_केळीवाला:
नमस्कार मंडळी, वडिलांची १९९७ ची पेट्रोल गाडी आहे, तीन सिलेंडर, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). रात्री केळीच्या बागेला लागून उभी असते, दव पडलं की सकाळी स्टार्ट होते पण फटफट करत मिसिंग मारते (एखादं सिलेंडर पेट घेत नाही), दहा मिनिटांनी आपोआप बरी, सपाट रोडला काहीच त्रास नाही, पण परवा चाळीसगावहून कन्नड घाट चढताना परत झटके. तिन्ही प्लग नवे टाकले, फरक नाही. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर खोलू. वडिलांचा जीव आहे या गाडीवर, उगाच खोलाखोली नको वाटते.

भुसावळकर:
थांब भो, आधी कोणतं सिलेंडर मरतंय ते तर बघ. सकाळी मिसिंग चालू असतानाच बघायचं, गरम झाल्यावर काही सापडणार नाही. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढ, तिच्यात जुना प्लग खोचून त्याचं लोखंड इंजिनला टेकलेलं राहील असं ठेव, कार्बोरेटरपासून लांब, वायर मोकळी सोडली तर कॉइलवर (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारा भाग) ताण येतो. मग स्टार्ट करून कान दे. आवाज आणखी बिघडला तर ते सिलेंडर चांगलं, काहीच फरक नाही तर तेच मेलेलं. असं तिघांचं कर.

धुळे_जुनीगाडी:
दवात पण आणि चढावर पण, म्हणजे मला तरी करंट लीक वाटतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलेंडरमधलं प्रेशर वाढतं, प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि करंट दुसरीकडून सोपी वाट धरतो, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना आळीपाळीनं करंट वाटणारा भाग) कॅपची चीर नाहीतर जुनाट वायर. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मार, निळ्या ठिणग्या दिसतात, हात मात्र लांब ठेव. डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून टॉर्च मारून बघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ असली तर कॅप गेली, पुसून भागत नाही.

अमळनेरकर:
मेलेल्या सिलेंडरचा प्लग पण काढून बघा दादा. पेट्रोलनं ओला म्हणजे ठिणगी नाही, कोरडी काजळी म्हणजे मिक्श्चर रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त), मग कार्बोरेटर बघायचा. तेलकट असला तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) चेक करा.

रावेरचा_केळीवाला:
दोन नंबर मेलेलं निघालं, प्लग पेट्रोलनं ओला, प्लगची अदलाबदल केली तरी दोनच मेलेलं. कॅपमध्ये तशीच काळी रेघ होती. कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा भाग) नवे टाकले, आज भरपूर दव होतं तरी पहिल्या सेल्फला तिन्ही सिलेंडर चालू! वायरी पण कडक झाल्यात, त्या बदलतो आणि मगच वडिलांना घेऊन घाटात जातो.