झऱ्याचे पाणी मुरते कुठे?

झऱ्याभोवती कठडा बांधला आणि पर्यटकांना साबण लावून अंघोळ करण्यास मनाई केली की झरा वाचेल, असे गावातील झऱ्यासाठी ग्रामपंचायतीला निवेदन देऊ पाहणाऱ्या एका वाचकाने प्रतिसादात म्हटले आहे. मनाई हवीच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु कोकणात झरा जिथे फुटतो तिथे त्याचे पाणी मुरलेले नसते. ते वरच्या सड्यावरील, म्हणजे सपाट कातळपठारावरील, सच्छिद्र जांभ्या दगडात मुरते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि उतारावर वाट मिळेल तिथून बाहेर पडते. आमच्या वाडीतील झरा पूर्वी मे महिन्यातही कळशी भरून देत असे. सड्यावर चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढण्याची खाण) सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांत मार्चमध्येच त्याची धार करंगळीएवढी होऊ लागली, कपारीतले नेचे वाळले आणि दगड उचलला की पळणारे लहान खेकडेही दिसेनासे झाले. खाली कठडा मात्र उत्तम स्थितीत उभा आहे.

सिक्कीममध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘धारा विकास’ उपक्रमात नेमका हाच विचार झाला. खडकांचे थर आणि त्यांचा उतार अभ्यासून पाणी मुरण्याची जागा आधी निश्चित केली गेली आणि चर तिथे खणले गेले, झऱ्याच्या तोंडाशी नव्हे. या कामाला भूजलशास्त्राचे मार्गदर्शन करणाऱ्यांत पुण्याची ‘अॅक्वाडॅम’ ही संस्था होती, म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे आहे. ग्रामपंचायतीला निवेदन देणारच असाल, तर त्यात कठड्याआधी सड्याच्या पाहणीची मागणी अवश्य घालावी.